कुठं? केवढा? कवर?

तुम्ही आमच्या मालकांच्या दुकानात साधा पासपोर्ट फोटो काढायला गेलात, तरी कॅमेऱ्यामागून पहिला प्रश्न यायचा, "लावनार कुठं?" तुम्ही म्हणायचं, फॉर्मला. मग दुसरा प्रश्न, "केवढा?" तुम्ही म्हणायचं, असतो तेवढा. मग तिसरा, "कवर?" म्हणजे किती दिवस, कुठपर्यंत. इथं बहुतेक गिऱ्हाइकं गडबडायची. फॉर्मला चिकटवलेला फोटो किती दिवस टिकणार हे कुणाला ठाऊक असतं? एका म्हाताऱ्यानं पेन्शनच्या फॉर्मसाठी फोटो काढताना हात जोडून सांगितलं, "मी हाय तवर, मालक." तेव्हा त्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि म्हणाले, "मंग तुमाला फुकट."

हे दुकान आळेफाट्यावर होतं. आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. आतल्या पडद्यावर एका पेंटरनं येडगावचं धरण काढलं होतं आणि हौसेनं त्यात दोन शिडाची जहाजं सोडली होती. आळ्यातल्या निम्म्या नवराबायकोंचा लग्नानंतरचा पहिला फोटो त्या जहाजांसमोरचा आहे. मी तिथं अकरा वर्षं नोकरी केली. आमच्याकडं बायका नवऱ्यालाही मालक म्हणतात, त्यामुळं त्या काळात मला दोन मालक होते. घरचे मालक मी सांगेन ते ऐकायचे. दुकानातल्या मालकांनी अकरा वर्षांत माझं एकदाही ऐकलं नाही, आणि त्यांचंच बरोबर होतं, हे लिहायला मला साठी ओलांडावी लागली.

अंगानं किडकिडीत, उंची भरपूर, शर्टाला दोन खिसे. एका खिशात पावतीपुस्तक, दुसऱ्यात भाजलेले शेंगदाणे. आयुष्यभर कॅमेऱ्याला डोळा लावून लावून त्यांचा डावा डोळा आपोआप मिटायचा. जेवताना मिटायचा, देवापुढं मिटायचा, आणि भाव सांगताना तर हटकून मिटायचा. नव्या बायकांना वाटायचं, म्हातारा डोळा मारतोय. माझं एक काम हेही होतं, की बाई दुकानात शिरली की तिला बाजूला घेऊन सांगायचं, "त्यांचा डोळाच तसा हाय, मनावर घिऊ नका." एकदा मी रजेवर होते तर एकजण थेट भावाला घेऊन आली. भाऊ चांगला पैलवान होता. मालकांनी त्यालाही डोळा मारला, तेव्हा कुठं प्रकरण मिटलं.

तर त्यांचं म्हणणं असं होतं. "फोटो इकायची वस्तू न्हाई, वैनी. फोटो म्हंजी खोली. ती भाड्यानं द्यायची. आन् देताना भाडेकरू कोन हाय, किती जागा पायजे, कवर ऱ्हानार, हे आधी इचारायचं." तुम्हाला तुमचाच फोटो घरात लावायचा असेल तर कागदाचे आणि मेहनतीचे पैसे. पण कपाटातल्या जाड वह्यांत त्यांनी स्वतःच्या हौसेनं काढलेले फोटो होते: टोमॅटोचे ढीग, नांगरट, शिवनेरीवरचं धुकं, घाटातली भाताची खाचरं. त्यातला एखादा कुणाला धंद्यासाठी पाहिजे असला, लेबलावर, बोर्डावर, कॅलेंडरवर, की भाडं सुरू. म्हणून फाट्यावर त्यांना सगळे भाडेवाले म्हणायचे. ते त्यांना चालायचं.

एक टोमॅटोचा व्यापारी एकदा फार तापला होता.

"आवो, फोटू त्योच, ढीग त्योच. पेटीच्या लेबलाला एक भाव आन् रस्त्यावरच्या बोर्डाला धा पट? फोटू मोठा झाला म्हनून जास्ती जेवतो व्हय?"

"एस्टीत ल्हान पोराला हाफ तिकीट आन् मोठ्याला फुल. भांडता का कंडक्टरशी?"

"भांडतो की!"

"मंग माज्याशी बी भांडा. बसा. वैनी, चहा सांगा दोन, पावनं निवांत भांडनार हायेत."

तो चहा पिऊन, भांडून, शेवटी पूर्ण भाडं देऊन गेला. जाताना म्हणाला, "लई दिसांनी कुनीतरी मनासारखं भांडलं राव."

त्यांनी फोटोंच्या दोन जाती केल्या होत्या. पंगतीचा आणि ताटाचा. पंगतीचा फोटो कुणीही न्यावा, आज बियाणंवाल्यानं, उद्या खतवाल्यानं, एका ओळीत बसून सगळ्यांनी जेवावं, म्हणून भाडं थोडं. ताटाचा म्हणजे एकट्याचं ताट. तो ज्यानं नेला त्यानं मुदत संपेपर्यंत नेला, दुसऱ्या कुणाला त्यात हात घालता यायचा नाही. त्याचं भाडं भारी. माझी नात आता पुण्यात डिझाइन की कायसं शिकते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आजी, हे आम्हाला अख्खी टर्म शिकवतात. एक्सक्लुझिव्ह आणि नॉन-एक्सक्लुझिव्ह." म्हटलं, तुझ्या मॅडमनी ताट आणि पंगत म्हटलं असतं तर एका तासात सुट्टी झाली असती.

आणि सगळ्यात मोठं खूळ म्हणजे तोंडाचा वाटा. फोटोत ज्याचं तोंड दिसतंय त्याची आधी सही किंवा अंगठा, आणि आलेल्या भाड्यातला निम्मा वाटा त्याचा. माणसाचं ठीक आहे. पण एका तेलवाल्यानं बैलाचा फोटो नेला, तेव्हा मालकांनी निम्म्या भाड्याची पेंड आणि गूळ घेतला आणि सायकलवर टाकून बैलाच्या गोठ्यात गेले. बैलाचा धनी म्हणाला, "ठिवा तिथं, मी घालतो संध्याकाळी." मालक म्हणाले, "न्हाई, त्याच्या तोंडाचा वाटा हाय. तुमच्या न्हाई." आणि बैलानं शेवटचा घास खाईपर्यंत तिथंच उभे राहिले.

बिबट्याची गोष्ट तर अजून सांगतात. उसाच्या कडेला पहाटे बसलेला बिबट्या त्यांनी टिपला होता आणि एका हॉटेलवाल्यानं तो बोर्डाला नेला. आता बिबट्याला वाटा कसा पोचवणार? मी म्हटलं, "मालक, ह्यो वाटा तरी आपल्याकडं ऱ्हाऊ द्या." दोन दिवस ते शेंगदाणे खात विचार करत होते. तिसऱ्या दिवशी चौकशी करून ज्या म्हातारीची शेळी त्या शिवारात बिबट्यानं नेली होती, तिच्या दारात गेले आणि पैसे हातावर ठेवले. म्हातारी म्हणाली, "कुनी दिलं?" हे म्हणाले, "ज्यानं शेळी खाल्ली त्यानं." म्हातारीनं पैसे मोजून कमरेला लावले आणि म्हणाली, "त्याला म्हनावं, करडू बी खाल्लंय."

ओझरच्या वाटेवरचा एक उदबत्तीवाला देवळाच्या दीपमाळेचा फोटो मागायला आला होता, पाकिटावर छापायला. मालकांनी कुठं, केवढा, कवर झाल्यावर चौथाच प्रश्न काढला. "उदबत्ती संपल्याव पाकीट कुठं जातं?"

"कुठं म्हंजी? टाकून देत्यात."

"उकिरड्याव?"

"... व्हय."

"मंग दीपमाळ उकिरड्याव जानार. न्हाई जमायचं. दारावरच्या पाटीला लावा, पाटीला फुकट देतो."

फोटो शेवटी कुठं जातो, याचा हा माणूस इतका विचार करायचा की मला वैताग यायचा. मी मनात म्हणायची, कागद तो कागद. हे मी मनात ठेवायला पाहिजे होतं. आणि मी ते केलं नाही, म्हणून तर ही गोष्ट आहे.

त्या वेळी मी चाळिशीची होते, आणि आता तिच्याविषयी मोकळेपणानं बोलायला हरकत नाही, कारण ती बाई परत येऊन भांडणार नाही. दहावी पास, दहा दिवसांचा ब्यूटीपार्लरचा कोर्स नारायणगावात केलेला, आणि स्वतःच्या भुवया स्वतःच कोरता कोरता इतक्या बारीक केलेल्या, की वर्षभर कुणीतरी आत्ताच धक्कादायक बातमी सांगितल्यासारखं तोंड. तिला ठाम वाटायचं की आपण मसाल्याच्या पाकिटावर शोभू. हातात पळी, डोक्यावर पदर, खाली लिहिलेलं असावं काहीतरी घरगुती. तिनं मालकांच्या मागं लागून तसा फोटो काढून घेतला. पावडर लावून, नथ लावून, धरणातल्या जहाजांपुढं. मालकांनी तो धुऊन हातात दिला आणि डोळा मिटून म्हणाले, "चांगला हाय. घरात लावा. भाड्यानं जायचा न्हाई."

आणि भाड्यानं जाणारा फोटो म्हणून त्यांनी भिंतीवर जो लावला, तो बघून मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, वर डोंगराकडं. लावणीच्या दिवसांत मी भावाकडं गेले होते आणि मालक खाचरांचे फोटो काढायला तिकडं आले होते. चिखलात गुडघ्यापर्यंत बुडालेली मी, हातात भाताच्या रोपांची जुडी, आणि भावाच्या म्हशीचं रेडकू मागून येऊन माझा कान चाटतंय. मी खच्चून हसतेय. तोंड एवढं उघडं, की वरची पडलेली दाढ स्पष्ट दिसते. दाढ म्हणजे दाढ नसलेली जागा.

"मालक, ह्यो काढा भिंतीवरनं. दाढ दिसती."

"दाढंमुळंच चांगला हाय."

"लोक हसत्यात."

"मंग? तुमी बी हसताच की त्यात."

एकदा पुण्याच्या एका दूध डेअरीचा माणूस चहाला फाट्यावर थांबला आणि हा फोटो बघून आत आला. बराच वेळ बघत बसला. म्हणाला, दसऱ्याच्या आधी येतो, पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरला आमचं पक्कं झालं तर हाच घेऊ, पण एकट्या आमचाच पाहिजे. तो गेल्यावर मालक मला म्हणाले, "वैनी, ह्या फोटोला आता हात लावायचा न्हाई. ह्याचं ताट वाढायचंय. तुमच्या तोंडाचा वाटा आला की लेकीचं नर्सिंगचं बघा."

माझी लेक त्या वर्षी बारावी झाली होती आणि पुण्यात नर्सिंगला नंबर लागला होता. दिवाळीच्या आत फी भरली तर ॲडमिशन, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. घरचे मालक रोज एका नातेवाइकाकडं जाऊन चहा पिऊन परत यायचे. हे सगळं मला माहीत होतं. पण दाढ पडलेल्या बाईला कुणी कॅलेंडरवर छापेल यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. पुण्याचा माणूस चहापुरता बोलून गेला, असं मी धरून चालले.

मालक एका लग्नाचे फोटो काढायला जुन्नरला गेले होते, त्या दिवशी पशुखाद्याचा एक दुकानदार आला. त्याचं दुकान फाट्यावरच, पण मूळचा माझ्या माहेरच्या बाजूचा. आल्या आल्या ताई म्हणाला. भावाची खुशाली सांगितली, म्हशी किती झाल्या ते सांगितलं. मी चहा मागवला. त्यानं भिंतीकडं बोट केलं.

"ताई, ह्यो फोटू मला द्या. जाहिरातीला. ह्ये तोंड बघून मानूस थांबतोच."

कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं होतं की माझं तोंड बघून माणूस थांबतो. माझ्या भुवया होत्या त्याहून वर गेल्या.

मी गल्ल्यावरचं दुसरं पावतीपुस्तक उघडलं. कुठं? तो म्हणाला, "सगळीकडं." सगळीकडं! मी ते अक्षर इतकं वळणदार काढलं, की लेकीच्या लग्नपत्रिकेवरही तसं निघालं नाही. केवढा? "लागंल तेवढा." तेही लिहिलं. मग आली तिसरी ओळ. कवर? आणि तो बशीत चहा ओतून फुंकर मारत होता.

आता सांगा, घरी आलेल्या पाव्हण्याला, माहेरच्या माणसाला, हातात चहाची बशी असताना, किती दिवस असं विचारायचं? आमच्याकडं पाव्हणा आला की कधी जाणार हे विचारत नाहीत. पिशवी घेऊन तो दारात उभा राहिला तरी आता जेवूनच जा म्हणतात. मी पेन त्या ओळीवर नेला आणि परत आणला. ओळ कोरी राहिली. भाडं म्हणून त्यानं दुकानातून सहा स्टीलचे डबे पाठवले, झाकणाचे, एकात एक बसणारे. मालकांना दिसू नयेत म्हणून मी ते परस्पर घरी नेले आणि विचारेल त्याला भिशीला लागले म्हणून सांगितलं. पावतीची प्रत गल्ल्याच्या तळाशी घातली. जाहिरात छापून आली की मालकांना एकदम दाखवून चकित करायचं, असा माझा बेत होता.

चकित झाले ते. पण आधी मी झाले.

आळ्याच्या बाजारात एक लसूणवाला माझ्यावर बसला होता. पन्नास किलोच्या रिकाम्या पोत्यावर माझं तोंड, कानाला रेडकू, वर लाल अक्षरांत "दूध वाढणारच!" आणि लसूणवाल्याची मांडी बरोबर माझ्या कपाळावर. मग जिकडं तिकडं मीच. कुणाच्या मोरीला आडोसा म्हणून मी, कुणाच्या सायकलच्या सीटवर मी, पावसाच्या झडीला डोक्यावर घ्यायचा घोंगता म्हणून मी. आमच्या धाकट्या जाऊबाई आल्या, दारात कुणीतरी टाकलेल्या पोत्याला पाय पुसले आणि गोड आवाजात म्हणाल्या, "अगंबाई, तुमीच व्हय. मी म्हनलं, पायाला वळखीचं लागतंय."

तिसऱ्या दिवशी मालक दुकानात आले ते घडी केलेलं पोतं काखेत घेऊन. काउंटरवर पसरलं. दोन्ही डोळे उघडे होते, त्यावरून मी समजले.

"वैनी, पावती."

मी गल्ल्याच्या तळातून काढून दिली. त्यांनी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"कवर रिकामं हाय."

"चहा पीत व्हते ना ते," मी म्हटलं. "मधीच कसं इचारायचं? पाव्हण्याला कवा जानार म्हनून इचारत्यात व्हय कुनी?"

मला वाटलं आता ओरडतील. ते खाली बसले, खिशातले शेंगदाणे काढले, आणि त्यातले निम्मे माझ्यापुढं ठेवले.

"पाव्हण्याला न्हाई इचारायचं. खरं हाय. पन वैनी, पुण्याचा मानूस सोमवारी येतोय. पक्कं झालंय त्येंचं. त्येला ताट पायजे. आन् इथं तर गावजेवन चाललंय."

सोमवार म्हणजे चार दिवस. लेकीची फी त्या कोऱ्या ओळीतून गळून गेली होती, आणि मी सहा डब्यांत डाळी भरून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पशुखाद्याच्या दुकानी गेलो. दारावर पुरुषभर उंचीचा बोर्ड, त्यावर मी. मालकांनी नीट सांगितलं, की मुदत लिहायची राहिलीय, ती लिहून घेऊ, आजवरचं झालं ते झालं.

दुकानदार हसला. "मालक, रिकामं म्हंजी कायमचं. तुमच्याच पुस्तकाची पावती हाय. ताईंची सही हाय."

"बरं," मालक म्हणाले. भांडले नाहीत. आत जाऊन एक खुर्ची आणली, बरोबर बोर्डाच्या खाली ठेवली आणि मला म्हणाले, "वैनी, बसा हितं. ह्यांनी फोटो भाड्यानं घेतलाय. जीभ घेतली न्हाई. कुनी इचारलं तर खरं सांगायचं. खोटं एक अक्षर बोलायचं न्हाई." आणि स्वतः समोरच्या टपरीवर जाऊन बसले.

मला वाटलं, पाच मिनिटांत लाजेनं मरेन. पहिली दोन मिनिटं तसंच वाटलं. मग एक आजीबाई आल्या. बोर्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत बोर्डाकडं.

"तू तीच का गं? दाढंवाली?"

"व्हय, आत्या."

"मंग तुज्या म्हशी किती दूध देत्यात ह्या पेंडीवर?"

"आमच्यात म्हस न्हाई, आत्या. दोन शेळ्या हायेत."

"आन् ही?"

"ही माज्या भावाची. रेडकू हाय, दूध कुठलं देतंय?"

"मंग भाऊ तरी हीच पेंड घालतो का?"

"त्यो घरची सरकी घालतो."

आजीबाईंनी पिशवीची घडी घातली आणि आल्या पावली गेल्या. पण एकट्या गेल्या नाहीत, वाटेत भेटेल त्याला सांगत गेल्या. दुपारपर्यंत दुकानापुढं गर्दी जमली, आणि त्यातलं कुणी पेंड घ्यायला आलेलं नव्हतं. "दाढ दावा की, वैनी!" म्हणायचे. मी दाखवायची. मला सांगताना आता लाज वाटत नाही, मला मजा यायला लागली होती. जे तोंड मी कोरलेल्या भुवयांमागं लपवत होते, ते उघडून खरं बोललं की माणसं थांबतात, हे मला पहिल्यांदा कळत होतं. टपरीवरून मालक डावा डोळा मिटून बघत होते. त्या दिवशी मात्र त्यांनी डोळाच मारला, अशी माझी खात्री आहे.

चार वाजता दुकानदार टपरीवर गेला. "मालक, काय पायजे तुमाला?"

"तिसरी ओळ."

त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, आजपर्यंत. बोर्ड उतरवला. पण गोदामात छापलेली नवी पोती पडली होती, त्यांचं काय? मालकांनी वहीतून माझ्या भावाच्या म्हशीचा एक फोटो काढून दिला, पंगतीचा, एक वर्षाच्या बोलीवर, आणि आपल्या वाट्याचं भाडं म्हणून एवढंच मागितलं की राहिलेल्या प्रत्येक पोत्यावर माझ्या तोंडावर म्हशीचं तोंड चिकटवायचं. चिकटवायला माणूस कोण? "जिनं वळ रिकामी ठिवली ती," मालक म्हणाले. शनिवार-रविवार मी गोदामात खळ घेऊन बसले होते आणि स्वतःच्या हसऱ्या तोंडावर एकेक म्हैस बसवत होते. जाऊबाई मुद्दाम बघायला आल्या. म्हणाल्या, "फरक कळत न्हाई." म्हशीच्या तोंडाचा वाटा म्हणून एक पोतं पेंड माझ्या भावाकडं रवाना झालं. त्याच्या म्हशीनं ती हुंगली आणि सरकीकडं वळली.

सोमवारी पुण्याचा माणूस आला. कागद काढले, पेन काढलं. आणि मालक म्हणाले, "साहेब, सही करायच्या आधी एक सांगतो. ह्ये ताट उष्टं हाय."

मी काउंटरखालून त्यांच्या पायाला चिमटा काढला. काही उपयोग झाला नाही. त्यांनी पोतं पसरून दाखवलं, किती दिवस फिरलं, कुठल्या कुठल्या बाजारात फिरलं, सगळं सांगितलं. तो माणूस आधी हसला, आणि मग भाडं बरंच कमी केलं. मालक म्हणाले, बरोबर हाय. कुठं, कॅलेंडर. केवढा, पानभर. कवर, एक वर्ष. मी पुस्तक धरलं होतं, आणि तिसरी ओळ त्या दिवशी मी दोनदा गिरवली.

निम्मं भाडं त्यांनी माझ्या हातात ठेवलं. मग म्हणाले, "आता डबे आना."

"कसले डबे?"

"भिशीला लागलेले."

सहातले तीन डबे ते घेऊन गेले. झाकणांसकट. "भाडं आलं की निम्मं फोटोवाल्याचं," म्हणाले. फीला जे कमी पडलं, ते दोनातली एक शेळी विकून भरलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी लेकीला पुण्याच्या गाडीत बसवलं. तिच्या वॉर्डात आता तिच्या हाताखाली वीस मुली आहेत, आणि सगळ्या तिला घाबरतात. पुढचं अख्खं वर्ष घरोघरच्या भिंतींवर मी दाढ दाखवत हसत होते आणि दुधाचे खाडे माझ्याच नाकाखाली लिहिले जात होते.

मग मोबाईल आले, आणि ज्याला त्याला फोटो फुकट मिळायला लागले. लोक कुठूनही फोटो उचलायचे आणि बोर्डावर लावायचे. मालक रस्त्यानं जाताना प्रत्येक बोर्डापुढं थांबायचे आणि विचारायचे, "ह्या बाईला इचारलं का?" लोकांना वाटायचं, म्हातारा चळला. एक दिवस त्यांनी दुकान बंद केलं. धरणाचा पडदा गुंडाळून एका शाळेच्या गॅदरिंगला दिला, अर्थात मुदतीनं. आणि मुलीकडं नाशिकला कायमचं जायच्या आदल्या दुपारी माझ्या घरी आले. हातात तीन डबे.

"घ्या तुमचं. आता माज्याकडं डाळ कोन भरनार?"

मी त्यांना ओट्यावर बसवलं आणि चहा टाकला. एकात एक बसवलेले डबे सुटे करताना सगळ्यात आतल्या डब्यात पाकीट सापडलं. पाकिटात रेडकाच्या फोटोची निगेटिव्ह आणि त्यांच्या पुस्तकातली शेवटची पावती, माझ्या नावाची. कुठं, तुमची मर्जी. केवढा, तुमची मर्जी. खाली त्यांची सही. मी चष्मा लावून परत बघितलं.

"मालक," मी म्हटलं, "तिसरी वळ राहिली. कवर?"

त्यांनी बशीत चहा ओतला, डावा डोळा मिटला आणि फुंकर मारली.

"चहा पितोय ना, वैनी. मधीच कसं इचारायचं?"